सायकलच्या ट्यूबमधला तांबडा दगड

हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यावर ढकललं तर मी पुन्हा गप्प बसणार, चार वर्षं बसलेय तशी. दुपारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. उद्या कॉलेजात पोरांना दगडातून आवाज कसा जातो ते शिकवायचंय, त्यासाठी जुनी वही हवी होती. वही सापडली. वहीखाली सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा सापडला, दोन्ही टोकं तारेनं आवळलेली, आत काहीतरी टणक. हातात घेतल्या घेतल्या कळलं काय आहे ते. तेव्हापासून जेवले नाही, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर येऊन बसलेय आणि नुसती टाइप करत सुटलेय. चुका झाल्या तर समजून घ्या.

ती तार माझ्या मामानं आवळलेली आहे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. साताऱ्याच्या खालच्या अंगाला त्याचं गाव, आणि धंदा विहिरी फोडायचा. दगडात भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, उडवायचा, यारी लावून दगड वर काढायचा. आम्ही सांगलीत, माधवनगरच्या बाजूला राहायचो, पण माझ्या सगळ्या सुट्ट्या मामाच्या मागं विहिरीच्या काठावर गेल्या. मला दगडाचं वेड लागलं ते तिथं. एम.एस्सी. वगैरे नंतरचं.

मामा भोक पाडायच्या आधी दगडाशी बोलायचा. खोटं नाही सांगत. घणाचा दांडा उलटा धरून हलकेच ठोकायचा आणि कान लावायचा. काळा पत्थर टणटण वाजायचा. भोकाभोकांचा दगड, मामाच्या भाषेत मांजऱ्या, तो ठसठस. आणि दोन काळ्या थरांच्या मध्ये जो तांबडा थर असतो ना, खंबाटकी घाटात एसटीच्या खिडकीतून दिसतो तो, मामा त्याला गेरू म्हणायचा, तो भद्द. पण ठोकायच्या आधी मामा एक करायचाच. तांब्याभर पाणी घ्यायचा आणि दगडाच्या भेगेत ओतायचा. मग तंबाखू मळत बसायचा, पाणी मुरेपर्यंत. याला तो पाणी पाजणं म्हणायचा. मी दहा वर्षांची असताना विचारलेलं, हे कशाला?

"पावना दारात आला तर तुजी आय काय करती? आदी ‘का आलास’ म्हंती का आदी पाण्याचा तांब्या देती?"

"पाणी देती."

"मंग? पाणी पिऊन टेकला की मानूस खरं बोलतो. ह्यो बी तसाच. खाली ह्याच्या पोटात पाणी आसतंय. हितं वर वाळून कोळ झालाय, आता ह्यो काय बी बडबडंल."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी एम.एस्सी. होईपर्यंत मामा खोकायला लागला होता. घणाच्या जागी ट्रॅक्टरवरचं मशीन आलं, भोकं मिनिटांत पडायला लागली, आणि तोंडावर दगडाच्या पिठाचा लोट. मामा संध्याकाळी वर यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या. मामी म्हणायची, "आलं बगा पिठाच्या गिरणीतनं." हसायचो आम्ही. सांगलीत छातीच्या डॉक्टरांकडं मी स्वतः घेऊन गेले. फोटो काढला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे आत बसलेलं निघणार नाही, पण आज धुळीतनं बाहेर काढलंत तर पुष्कळ वर्षं काढतील. मशीनवर ठेवलंत तर नाही.

एवढंच होतं सगळं. मामाला धुळीतनं बाहेर काढायचं. बसायचं काम बघायचं. त्या वर्षी मी जे जे केलं ते ह्याच्यासाठी केलं.

तेव्हाच मला नोकरी लागली, हंगामी. तेल शोधणारी एक सर्वे पार्टी आमच्या भागात आलेली. आमच्याकडं तेल! सगळे हसायचे. पण कल्पना अशी की आपला हा काळा दगड म्हणजे वरची गोधडी, त्याच्याखाली लय खोल जुना वाळूचा दगड असला तर त्यात तेल साठलेलं असू शकतं. ते बघायची पद्धत सोप्यात सांगते. जमिनीत भोक पाडून सुरुंग उडवायचा. आवाज खाली जातो, थराथरावर आपटून वर येतो. वर मैलभर रांगेनं छोटी यंत्रं रोवलेली असतात, जमिनीला लावलेले कानच म्हणा, ती आवाज टिपतात. लांबच्या कानाला किती उशिरा ऐकू आलं त्याच्यावरनं कळतं, खाली कुठल्या थरातनं आवाज किती वेगानं पळाला. पण तो थर कशाचा आहे हे काही आवाज सांगत नाही. त्यासाठी इथले दगड गोळा करायचे, कापायचे, प्रयोगशाळेत त्यांच्यातनं आवाज पाठवून वेग मोजायचा, आणि खालच्याशी जुळवायचं. हे जुळवायचं काम माझं.

काय आनंद झालेला मला! मामा घणाच्या दांड्यानं करायचा तेच मी यंत्रानं करणार होते.

किल्लारीला भूकंप होऊन दोन वर्षं झालेली, कोयनेचे हादरे तर आमच्या पाचवीला पुजलेले, त्यामुळं सुरुंग उडाला की गावं गोळा व्हायची. एक म्हातारे यायचे रोज.

"काय वो बाई, भूकंप हुडकताय का?"

"न्हाई आबा, तेल."

"आरं तिच्या! रेशनला रॉकेल मिळंना, रांगंत उबं ऱ्हाऊन पाय मोडलं, आन तुमी हितंच हुडकताय व्हय? आदी सांगायचं न्हाई का!"

पार्टीच्या साहेबांना विहिरींत उतरून दगडांचे नमुने आणणारा माणूस पाहिजे होता. मी मामाचं नाव पुढं केलं. रोजंदारीवर घेतला. मे महिना, विहिरी आटलेल्या, गाळ काढायला मोकळ्या. विहिरीत उतरायचं ते मेमध्येच, आमच्याकडं सगळे तेच करतात, आम्हीही तेच केलं. मामा दोर धरून खाली जायचा, थर बघून नमुना फोडायचा, मी वर बसून चिठ्ठी चिकटवायची. सातारा, कराड, खाली सांगलीपर्यंत पंचवीस-तीस विहिरी झाल्या. मशीन नाही, धूळ नाही. महिनाभरात मामाचा खोकला निम्म्यावर आला. मामी मला म्हणाली, "तुज्यामुळं ह्ये रातचं झोपत्यात बाय."

आणि साहेबांना पहिल्या कागदांवर तो थर दिसला.

काळ्या दगडातनं आवाज सेकंदाला पाच किलोमीटरच्या वर पळतो. एका ठिकाणी, मामाच्या गावापासनं कोसावर, खोलवर एका पट्ट्यात तो तीनवर आला होता. साहेबांनी तो कागद खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा बघितला. दोनच शक्यता. वाळूचा दगड, किंवा आपला तांबडा थर. वाळूचा दगड असला तर बोअर मंजूर, मोठा कॅम्प, तीन-चार वर्षांचं काम. तांबडा असला तर गाशा गुंडाळा.

"बोअर झाली तर निघालेले दगड ठेवायला शेड लागेल," साहेब म्हणाले, "आणि शेडला राखणदार. तुमच्या मामांसारखा दगड ओळखणारा माणूस कुठं मिळणार? नेमून टाकू."

सावलीत खुर्ची टाकून बसायचं काम! दगडांच्या पेट्यांवर नंबर टाकायचे, बस. मी त्याच दिवशी एसटी पकडून मामाला सांगायला गेले. मामा नुसता हसला. मामीनं माझ्यावरनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

मग सांगलीत प्रयोगशाळेत बसले मोजायला. तांबड्या थराचे नमुने, एकामागनं एक. ह्या दगडाची खोड अशी की पाणी लागलं की विरघळतो, म्हणून आम्ही कोरडेच कापायचो, गच्चीवर उन्हात वाळवायचो, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचो. सगळ्यांचा वेग दोनच्या आसपास. दोन! आणि जमिनीखालचा थर तीन. म्हणजे तो तांबडा नाही. म्हणजे वाळूचा दगड. मी वहीत प्रत्येक आकडा लिहिताना उड्या मारायची बाकी होते.

मामा भुईमुगाच्या शेंगा घेऊन सांगलीला आला, तेव्हा मी त्याला प्रयोगशाळा दाखवली. त्यानं वाळलेला तुकडा उचलला, नखानं टकटक केली.

"पोरी, ह्येला पाणी पाजलंस का?"

"आवं मामा, विरघळतंय त्ये. पाण्यात टाकलं की चिखल."

"सुटा टाकला तर चिखल हुनारच की. खाली सुटा आसतोय व्हय? चारी अंगानं दाबून बसलेला आसतोय." इकडं तिकडं बघितलं, बाहेर सायकलवाल्याच्या दुकानात गेला, जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आला. दगड ट्यूबमध्ये बसवला, वरनं थेंब थेंब पाणी सोडत राहिला तासभर, आणि दोन्ही टोकं तारेनं अशी आवळली की ट्यूब टम्म झाली. "हां. आता ह्येला इचार."

प्रयोगशाळेचा शिपाई म्हणाला, "मामा, दगडाला सलाईन लावलं व्हय?"

"तर! आजारी हाय बिचारा. तुमी लोकांनी उपाशी ठिवलाय."

मामा गेला आणि दोन दिवस ते तसंच ठेवून मग मी मोजलं. गुरुवार होता. टोकांची तार जरा सैल करून यंत्र लावलं.

दोन आठ.

म्हणजे जवळजवळ तीनच. पुन्हा लावलं. दोन आठ. पुन्हा, दोन नऊ.

सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला सगळं कळलं. दगडाच्या भोकांत हवा असली की आवाज रेंगाळतो, पाणी भरलं की दगड दाबला जात नाही आणि आवाज पळतो. पुस्तकात आहे हे, परीक्षेत लिहिलेलं मी. खाली बारा महिने पाणी असतं. आम्ही मे महिन्यात आटलेल्या विहिरीतले दगड आणून वर उन्हात वाळवले, आणि ते बडबडले, आणि आम्ही लिहून घेतलं. जमिनीखालचा तो थर तांबडाच असू शकत होता.

एकोणतीस नमुने दोन सांगत होते. एक दोन आठ सांगत होता. मी स्वतःला म्हटलं, सायकलच्या ट्यूबमध्ये बांधलेला दगड, हे काय मोजमाप झालं? साहेबांना काय सांगू, माझ्या मामानं तारेनं आवळलाय? ट्यूबमुळंच आकडा बिघडला असेल. वहीत लिहिलेला आकडा मी पेन्सिलनं खोडला. अहवालात लिहिलं: तांबड्या थराचे ओले नमुने मोजता येत नाहीत.

खोटं कशाला बोलू, मला ट्यूबवर शंका नव्हती. मला ती शेड पाहिजे होती, ती खुर्ची.

शनिवारी मामा पुन्हा आला. ह्यावेळी शेंगा नाहीत, नुसता घाईघाईत. गावातला एकजण शिरवळच्या कारखान्यात मुकादम होता, तिथं गेटवर राखणदाराची जागा निघालेली. कायमची. दोन दिवसांत हो-नाही सांगायचं होतं.

"लांब पडतंय," मामा म्हणाला, "तितं खोली करून ऱ्हावं लागंल, मामी एकटी हितं. पर जागा चांगली हाय. तू सांग पोरी. तुजं त्ये शेडचं नक्की हाय का? न्हाईतर मी आपला शिरवळला जातो."

मी म्हटलं, "नक्की हाय मामा."

"त्या ट्यूबमदल्याचं काय झालं?"

"फुटला."

मामानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "फुटतो कवा कवा." शिरवळला नाही सांगितलं. एसटी स्टँडवर मला उसाचा रस पाजला, स्वतः नाही घेतला, गार सोसत नव्हतं.

अहवाल गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. दिवाळीनंतर बोअर सुरू झाली. मोठं यंत्र आलं, तंबू लागले, गावातली पोरंठोरं बघायला. शेडचे खांब उभे राहिले, पत्रा यायचा होता. तोवर मामाला काम नव्हतं, तर तो दोन विहिरींवर मशीन धरून आला. मी चिडले. "आवं, थोडं दिस कळ काढा की!"

"बसून काय करू? शेड झाली की बसायचंच हाय."

महिना-दीड महिना काळा दगड निघत राहिला. गोल गोल, मनगटाएवढे जाड तुकडे, नळीतनं घसरत येणारे. मग ठरलेली खोली आली. त्या दिवशी सगळे गोळा झालेले. साहेब, यंत्रावरचे लोक, मी, मामा. नळी आडवी केली, ठोकली, आणि नमुना बाहेर आला.

तांबडा. ओला, चकचकीत, तांबडा.

साहेब म्हणाले, वरचा असेल, अजून खाली जाऊ. गेले. तांबडा, मग कुजलेला काळा दगड, मग पुन्हा तांबडा. आठवडाभर तेच. वाळूचा एक कण नाही.

त्या पहिल्या दिवशी मामा खाली बसला. खिशातनं छोटी छिन्नी काढली, तिच्या मुठीनं नमुन्यावर हलकेच टकटक केली, कान लावला. मी शेजारीच उभी. वर न बघता तो बारक्या आवाजात मला एकटीलाच म्हणाला,

"वला हाय. तरी फुटला न्हाई बग ह्यो."

बस. एवढंच. ना त्या दिवशी पुढं काही बोलला, ना नंतर कधी. त्याला कळलं होतं. त्यानं स्वतः आवळलेली तार होती ती, तिच्यातला दगड फुटत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट दुसऱ्या दिवशी मामीकरवी माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा पाठवला, पोरगी तंबूत उपाशी असंल म्हणून.

कॅम्प पंधरा दिवसांत उठला. शेडचे खांबसुद्धा उपटून नेले. साहेबांची कुठं तरी लांब बदली झाली. जाताना मला म्हणाले, "तुमची चूक नाही. मोजमाप तर सगळं नीट होतं." मी मान हलवली. वही माझ्या पिशवीत होती. काढून दाखवता आली असती.

शिरवळची जागा कधीच भरलेली. मी स्वतः जाऊन विचारून आले, त्या मुकादमाच्या पायाच पडायचं बाकी ठेवलं. तो तरी काय करणार? मामा मशीनवर गेला. मी तोंडाला बांधायला ओला फडका शिवून दिला, तो गळ्यात बांधायचा, तोंडाला नाही, श्वास पुरत नाही म्हणायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चार पावलं चालला की बसायला लागला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सांगलीला त्याच डॉक्टरांकडं आणला तेव्हा दोघांनी धरून जिना चढवला.

डॉक्टरांनी सदरा काढायला लावला. डाव्या हाताचं बोट पाठीवर ठेवून उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकायला लागले. वरनं खाली. टक, टक, टक, आणि खाली एके ठिकाणी भद्द. पुन्हा ठोकलं. भद्द.

मामा आमच्याकडं पाठ करून बसलेला. हाडं मोजता येत होती. धापा टाकत टाकत म्हणाला,

"डाक्टर, पाणी हाय न्हवं आत?"

"हो मामा. पाणी झालंय छातीत. काढायला लागेल."

"मंग आता खरं बोलंल त्यो," मामा म्हणाला आणि हसला, आणि हसताना जी उबळ आली ती थांबेचना. डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

पाणी दोनदा काढलं. तिसऱ्यांदा काढायची वेळ आली नाही. गावाकडंच गेला, सकाळी, बसल्या बसल्या. लोडाला टेकून बसायचा शेवटी, आडवं पडलं की गुदमरायचा. मी दुपारी पोचले. मामी एकच म्हणाली, "तुजी लय वाट बगत हुतं बाय." कशासाठी, ते मी विचारलं नाही. मी त्याच्या शेवटच्या महिनाभरात तीन वेळा सांगायला म्हणून गेलेले, ट्यूबचं, दोन आठचं. तीनही वेळा मामानं आधी मामीला हाक मारली, "आगं, पोरीला पाणी दे." पाणी प्यायले की माझा धीर सुटायचा. इतर गप्पा मारून परत यायचे.

तो तुकडा आत्ता कीबोर्डच्या बाजूला ठेवलाय. ट्यूबला चिरा पडल्यात, आत पाणी केव्हाच उडून गेलं असणार. मघाशी पेनच्या मागच्या बाजूनं ठोकून बघितला. काही समजलं नाही, मला मामासारखं कधीच ऐकू आलं नाही. वहीत तो आकडा अजून वाचता येतो, खोडल्यावर उलट उठून दिसतोय. उद्या ती वही पोरांपुढं उघडणार आहे, त्याच पानावर, आणि आकडा कुणी खोडला आणि कशासाठी ते सांगणार आहे. म्हणून आज हे लिहून ठेवतेय, म्हणजे सकाळी पळता येणार नाही.

आणि तुम्हाला विचारायचंय, खरंच विचारायचंय, कारण घरात विचारायला कुणी उरलं नाही. तुमचं झालंय का असं? आपल्याच माणसाचं भलं व्हावं म्हणून एक खरी गोष्ट दाबून ठेवलीत, आणि ती त्या माणसाला पहिल्यापासून माहीत होती? मग तुम्ही त्याला सांगितलंत का, तो असेपर्यंत?